चारशे त्र्याऐंशी फूट

शहापुरात आमचं बिऱ्हाड कचेरीच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत होतं. पुढची मोठी खोली आणि पडवी कचेरीला, मागचं स्वयंपाकघर आणि एक अंधारी खोली आम्हाला. डोळखांबच्या डोंगरात एका नदीवर तलाव बांधता येईल का, बांधला तर पाणी कुठवर चढेल, याची मोजणी तेव्हा चालली होती. दिवाळीपासून वैशाखापर्यंत माणसं रानात जात, साखळ्या ओढत, दुर्बिणीतून कोन बघत आणि वहीत आकडे लिहीत. पावसाळ्यात रानातलं काम बंद. मग त्या वह्या कचेरीत येत आणि चार महिने नुसती आकडेमोड चाले. ती करणारे कारकून म्हणजे माझे मालक.

ते मुरबाडकडचे. घरी भातशेती, आणि घराण्यात नोकरीला लागलेले हेच पहिले. सातवी फायनलची परीक्षा पास झाल्यावर ते मोजणीत खुंट्या ठोकायला लागले. मग त्यांचं अक्षर बघून कुणीतरी त्यांना वही लिहायला दिली आणि त्यांची आकडेमोड बघून टेबलावर बसवलं. मी किन्हवलीची. माझे वडील शेती सांभाळून शाळेत शिकवत, म्हणून मला पाच इयत्ता मिळाल्या. आमच्या आळीत दुसऱ्या कुठल्या मुलीला एकही मिळाली नव्हती. लग्नात सासरकडच्या बायकांनी मला लुगड्याच्या घडीवर छापलेलं नाव वाचायला लावलं होतं, खरंच येतं का बघायला.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास कचेरीत आकडेमोडीचं यंत्र आलं. लाकडी खोक्यात, भुश्यात बसवून. काळं, जड, शिलाई मशीनच्या डोक्याएवढं. साहेब पुण्याकडचे इंजिनियर होते, हळू बोलणारे. त्यांनी मालकांना ते चालवायला शिकवलं आणि शिकवताना त्याची कुळकथाही सांगितली. मालकांनी ती सगळी मला जेवताना सांगितली. तीनशे वर्षांमागे फ्रान्स देशात एका जवान पोराचा बाप सरकारी वसुलीच्या आकड्यांनी पार पिचून गेला होता. त्या पोरानं बापासाठी दातेरी चाकांची एक पेटी बनवली. ती बेरीज-वजाबाकीच करी. मग एका जर्मन विद्वानानं पायरीपायरीनं लांब होत जाणाऱ्या दातांचा रूळ काढला, त्यानं गुणाकारही व्हायला लागला. आणि आपल्या टेबलावरच्या यंत्राची रीत काढली ती रशियात राहणाऱ्या एका स्वीडिश कारागिरानं, साठेक वर्षांपूर्वी.

"बापाच्या डोक्याचा ताप कमी व्हावा म्हणून क्येलं गो त्यानं," मालक म्हणाले. त्यांना तेवढंच फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिपाई यायच्या आधी, त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं. यंत्राच्या पाठीवर उभ्या खाचा होत्या, खाचेच्या कडेला शून्यापासून नऊपर्यंत आकडे आणि खाचेत एकेक छोटी खुंटी. आत चाकं. प्रत्येक चाकाला नऊ दात, पण ते दात आतबाहेर होणारे. खुंटी पाचावर ओढली की त्या चाकाचे पाच दात बाहेर येतात, चार आत राहतात. उजव्या हाताचं हँडल एकदा फिरवलं की तेवढेच दात खालच्या आकड्यांना ढकलतात. नवाच्या पुढं गेलं की शेजारच्या घराला एक चढतो. उलटं फिरवलं की वजाबाकी. खालचा भाग गाडीसारखा डावी-उजवीकडे सरकायचा; एक घर सरकवला की दहापट.

"चारशे बाराला गुणायचंय, तर काय चारशे बारा वेळा फिरवायचं?" मी विचारलं.

"येडी काय तू? दोनदा फिरव, गाडी एक घर सरकव, एकदा फिरव, परत सरकव, चारदा फिरव. सात वेळात झालं."

त्यांनी माझा हात हँडलवर ठेवला. घर्र घर्र असा दोनदा आवाज झाला आणि खालच्या खिडक्यांत आकडे पालटले. मला हसू आलं. भागाकार तर अजून गमतीचा. उलटं फिरवत राहायचं, वजा करण्यासारखं काही उरलं नाही की आत घंटी वाजायची. मग एकदा सुलटं फिरवून घेतलेलं परत द्यायचं आणि गाडी सरकवायची. ती घंटी ऐकून आमच्या मागच्या दारातली कोंबडी मान वर करी.

खेळ म्हणून शिकले मी ते. पुढं त्याचं काय होणार, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

वर्षभरानं मालकांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. मग वाचताना ओळीतला मधला शब्द नाहीसा व्हायला लागला. त्यांना कोष्टकांचं एक जाडजूड पुस्तक लागायचं, त्यात प्रत्येक कोनाचे आकडे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले. कोनाचा आकडा पुस्तकातून काढायचा, यंत्रावर मांडायचा, साखळीनं मोजलेल्या लांबीनं गुणायचा. म्हणजे ती रेघ उत्तरेला किती गेली, पूर्वेला किती गेली ते कळतं. एखाद्या पाड्याभोवती मोजत मोजत माणसं निघाली तिथंच परत येतात. म्हणून सगळ्या रेघांची बेरीज-वजाबाकी केली की शेवटी शून्याच्या आसपास उरलं पाहिजे. घेर मिटला, असं म्हणायचे. मिटला नाही तर कुठंतरी चूक आहे.

ते पुस्तक त्यांना दिसेनासं झालं. आम्ही कल्याणच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं दोन्ही डोळ्यांत औषध घालून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "डोळ्यामागची शीर सुकत चाललीय. चष्म्यानं काही होणार नाही. जेवढं दिसतंय तेवढं जपून वापरा." घरी आल्यावर मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू वाचून दाखवशील?"

असे दोन पावसाळे गेले. पहाटे मी चूल पेटवून भाकऱ्या टाकून घ्यायची आणि उजाडलं की आम्ही पुढच्या खोलीत बसायचो. मी वही वाचायची, पुस्तकातला आकडा काढायची. "सत्तावीस अंश बारा मिनिटं," मी वाचलेला कोन ते परत म्हणायचे. मी म्हणायची, "चार पाच सात एक." खुंट्या ते स्वतः ओढत. बोटांनी खाचा मोजून त्यांना कुठला आकडा ते बरोबर कळायचं. हँडलही तेच फिरवत. खिडक्यांतलं उत्तर मी वाचायची आणि कच्च्या कागदावर मोठ्ठ्या आकड्यांत लिहायची. शिपाई दहाला यायचा, त्याच्या आत मी मागं गेलेली असे. मग दिवसभर ते एकटे बसून, कागदाला नाक लावून, त्या मोठ्या आकड्यांवरून पक्की नक्कल करत. हात बसलेला होता, अक्षर सरळ येई. कुणाला संशय आला नाही. थोड्या दिवसांनी हँडलही माझ्याकडं आलं, कारण मी भराभर फिरवायची आणि त्यांना ऐकायला आवडायचं. डोळे मिटून बसत. एखादा फेरा जास्त झाला तर आवाजावरून ओळखत. "तीनदा फिरवलंस. दोनदाच पायजे व्हतं."

त्या दोन पावसाळ्यांत एकही चूक निघाली नाही. साहेब वरच्या कचेरीत कौतुकानं सांगत की माझ्या कारकुनाचं काम तपासावं लागत नाही. मालक घरी येऊन ते मला सांगत आणि दोघं खुश होत असू. आज वाटतं, ते कौतुकच आम्हाला भोवलं.

कचेरीत माझ्याशी बोलणारं आणखी एकच माणूस होतं. साखळीचं पुढचं टोक धरणारे मामा. नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणत. शेणव्याचे. चाळीस वर्षं साखळी ओढून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. मालक नोकरीला लागले तेव्हा खुंटी कशी ठोकायची हे त्यांनीच शिकवलं होतं. पावसाळ्यात गावाहून येताना ते माझ्यासाठी शेवळं, कर्टुली असली रानभाजी आणत आणि मागच्या दारात ठेवून म्हणत, "बाय, कालवण कर." साखळीच्या बाबतीत मात्र फार कडक. उतारावर साखळी तिरपी धरलेली त्यांना खपायची नाही. "जमीन वाकडी असंल, माजी साखळी वाकडी नाय," असं म्हणत.

तिसऱ्या पावसाळ्यात मला दिवस गेलेले होते. आषाढ संपत आला तशी आई न्यायला आली. पहिलं बाळंतपण, माहेरी जायचंच. मी मालकांना म्हटलं, "मी नाय जात. कामाचं काय करणार तुमी?"

"करीन काय तरी. पुस्तकातलं बरंच पाठ झालंय मला."

ते खोटं नव्हतं. वाचून वाचून त्या कोष्टकातली पानंच्या पानं त्यांच्या डोक्यात बसली होती. "आणि भिंगाची काच हाय," ते म्हणाले. "तू पोराचं बघ."

मी गेले. मी तेव्हा हट्ट करून राहिले असते तर काय झालं असतं, हा विचार मी आयुष्यात फार वेळा केला आहे. पण आई दारात उभी होती, माझे पाय सुजले होते, आणि शिपायाला किंवा साहेबांना खरं सांगायची आमची दोघांची तयारी नव्हती.

भाद्रपदात मुलगी झाली. मालक बघायला आले नाहीत. काम फार आहे असा निरोप आला. सव्वा महिना झाला आणि दुसरा निरोप आला, की जमलं तर लवकर ये. त्यात कारण नव्हतं. आई म्हणाली, तीन महिने तरी राहा. मी पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि भावाबरोबर बैलगाडीनं शहापुरास आले.

मालक दारात बसले होते. मी अगदी जवळ गेले तेव्हा उठले. पोरीला त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी तिला उजेडाकडं धरलं, मान इकडं वळवली, तिकडं वळवली. मग अंगठ्यानं तिच्या भुवया चाचपल्या. तेव्हा मला कळलं, दोन-अडीच महिन्यांत किती गेलं होतं ते.

"काय झालंय?" मी विचारलं.

"डोळखांबच्या वरच्या पाड्याचा घेर मिटत नाय."

"परत करून बघितलात?"

"तीनदा क्येला. तीनही बारी पन्नास फुटांचा फरक. साहेब म्हनाले, तुझी आकडेमोड चुकायची नाय, मोजणीच चुकली असणार. त्यांनी माणसं परत पाठवली."

"आश्विनात? तिकडं आता सगळा हिवताप हाय."

ते म्हणाले, "मामा गेलाय. साहेब त्याला नको म्हनत व्हते, वय झालंय म्हणून. त्यानं ऐकलं नाय. बोलला, माजी साखळी खोटी म्हनता, तर मीच जानार."

मला रात्रभर झोप लागली नाही. उजाडल्यावर पोरीला पाजून निजवलं आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत गेलो. मी रानातली मूळ वही काढली. ती पावसात भिजलेली, पेन्सिलीचे आकडे फिकट झालेले. मी एकेक रेघ वाचायला लागले आणि मालकांच्या पक्क्या कागदाशी ताडून बघायला लागले. दहा रेघा बरोबर होत्या. अकराव्या रेघेला कागदावर होतं चारशे तेहतीस. वहीत होतं चारशे त्र्याऐंशी. इंग्रजी आठाची डावी बाजू पाण्यानं पुसट झाली होती. भिंगातून बघणाऱ्या, निम्मंच दिसणाऱ्या माणसाला तो तीन दिसला होता. एकदा तीन दिसला की तीनदा केलं तरी तीनच दिसणार.

मी काही बोलले नाही. पुस्तकातून कोन काढला, खुंट्या ओढल्या, तीनदा फिरवलं, सरकवलं, आठदा फिरवलं, सरकवलं, चारदा फिरवलं. सगळी बेरीज परत मांडली. घेर मिटला. अर्ध्या फुटाचाही फरक राहिला नाही.

मालक आवाज ऐकत होते. मधले आठ फेरे त्यांनी ऐकले होते.

"आठ?" ते म्हणाले.

"हो."

"आठ व्हता?"

मी परत हो म्हटलं. त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. मग म्हणाले, "माणूस पाठव. त्यांना परत बोलवायला पायजे."

माणूस पाठवायची वेळच आली नाही. त्याच दिवशी दुपारी चार गडी मामांना डोलीत घालून शहापूरच्या दवाखान्यात घेऊन आले. पाड्यावर पोचल्याच्या दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला होता. पावसानं काम अडत होतं, त्या अकराव्या रेघेपर्यंत त्यांची साखळी पोचलीच नव्हती. लढाईमुळं क्विनाईन मिळत नव्हतं. दवाखान्यात होत्या तेवढ्या गोळ्या कंपाउंडरनं दिल्या आणि मुंबईला मागितल्यात असं सांगितलं.

आम्ही दोघं गेलो. मामा बाकावर घातलेल्या गोधडीवर पडले होते, चेहरा हळदीसारखा पिवळा. डोळे उघडे होते, पण ते आमच्याकडं बघत नव्हते. तोंडानं आकडे म्हणत होते. एक साखळी, दोन साखळ्या, खुंटी दे, तीन साखळ्या. मालक त्यांच्या उशाशी गुडघ्यावर बसले. हातानं चाचपून त्यांचा कान शोधला.

"मामा, मी हाय. ऐकतोस ना? तुजी साखळी खरी हाय. मी चुकलो. मला दिसत नाय मामा, मी आठाचा तीन वाचला. तुजी साखळी खरी हाय."

मामा म्हणाले, "ताण. ढिली सोडू नको."

मालकांनी तेच परत सांगितलं, जरा मोठ्यानं. मग आणखी एकदा. कंपाउंडर म्हणाला, "त्यांना शुद्ध नाय हो, कशाला बोलताय?" मालक थांबले नाहीत. मी त्यांच्या दंडाला धरून उठवलं तेव्हा त्यांचा सगळा सदरा घामानं भिजला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले.

तिसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावरून आले. मालक त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मी मधल्या दाराआड पोरीला घेऊन उभी होते.

"किती दिवसांपासून दिसत नाही?" साहेबांनी विचारलं.

"दोन पावसाळे झाले, साहेब. हा तिसरा."

"मग काम कोण करत होतं?"

मी दार लोटून पुढं आले. साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्यासमोर वही ठेवली, एका रेघेवर बोट ठेवलं आणि खुर्ची पुढं केली. मी पोरीला मालकांच्या हातात दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या, दुसऱ्या माणसासमोर त्या यंत्रापाशी बसले. उत्तर बरोबर आलं. साहेबांनी आणखी दोन रेघा दिल्या. त्याही बरोबर आल्या.

"बाई, तुम्ही..." असं म्हणून ते थांबले. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाईमाणसाला घ्यायची जागा इथं नाही. मी लिहिलं तरी कुणी ऐकणार नाही."

मी काही मागितलं नव्हतं. पण त्यांनी ते वाक्य बोलून दाखवलं, आणि मला पहिल्यांदा समजलं की मनात कुठंतरी मी ते मागत होते.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागदात डोळ्यांच्या दुखण्यानं नोकरी सोडली एवढंच लिहिलं. मामांचं काहीच लिहिलं नाही. मालक म्हणाले, "साहेब, माजी चूक लिवा." साहेब म्हणाले, "मूळ वही मीही बघितली नाही. लिहायचं झालं तर दोन नावं लिहावी लागतील." आणि कागद मिटला.

मुरबाडला जायच्या आधी मालकांनी शेणव्याला न्यायला लावलं. मामांचं घर गावाच्या टोकाला होतं. मामी अंगणात सुपानं नाचणी पाखडत होत्या. आम्ही खाली बसलो. मालकांनी सरळ सांगितलं, "मामी, मामा माझ्यापायी गेला. त्याचं मोजमाप खरं व्हतं. मला दिसत नव्हतं, मी चुकीचं वाचलं, आणि त्याला परत जायला लागलं."

मामींचा हात थांबला. त्यांना यंत्र, कोष्टक, घेर यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. पण जे कळायचं ते कळलं.

"त्येची साखळी खरी व्हती?"

"खरी व्हती."

"मंग जायच्या आदी का नाय सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "दोन दिस जेवला नाय त्यो. बोलायचा, चाळीस वर्सांत असं झालं नाय, आताच माज्या हातून कसं झालं. म्हातारा झालू म्हनून रडला माज्याजवल. कदी रडला नव्हता."

मालकांना वाटलं होतं, त्या शिव्या देतील, अंगावर धावून येतील. त्याला ते तयार होऊन आले होते. या बोलण्याला नव्हते. ते जमिनीकडं मान घालून बसले. मामी उठल्या, आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. ऊन अंगणाच्या अर्ध्यात आलं. पोरगी रडायला लागली, मी पाठ फिरवून तिला पाजायला घेतली. तेव्हा मामी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवला. "अंगावर पिनारी हाय, तू घे," म्हणाल्या. मालकांना विचारलं नाही. मीही त्यांना पाणी दिलं नाही, ते त्या घरचं होतं आणि त्यांच्यासाठी नव्हतं.

मुरबाडकडच्या घरी दिरांनी आम्हाला सामावून घेतलं. वर्षाभरात मालकांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. ते रिकामे बसले नाहीत. दोर वळत, गुरांना पाणी दाखवत, पेंढ्या बांधत. पोरगी चालायला लागली तेव्हा तिच्या पायातल्या वाळ्यांच्या आवाजावरून ती कुठं आहे ते ओळखत आणि लांबूनच हाक मारत. आकडेमोडीचं नाव मात्र काढत नसत. एकदा दिरांनी शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला तेव्हा म्हटलं, दादा, तू मोजणीतला, सांग की किती भरेल. ते उठून गोठ्यात निघून गेले.

पुढच्या कार्तिकात ते म्हणाले, "मला शेणव्याला ने." मामींचं भात कापून खळ्यावर आलं होतं आणि झोडायला माणूस नव्हतं. मालक खळ्यात उभे राहिले, म्हणाले, "मामी, मी झोडतो. त्याला डोळं लागत नायत." मामी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी एक पेंढी उचलून त्यांच्या हातात दिली. चार दिवस ते फळीवर पेंढ्या आपटत होते. दाणे उडून त्यांच्या केसांत बसायचे. जेवायला मामी ताट वाढून ठेवायच्या आणि लांब जाऊन बसायच्या. निघताना मालक "येतो" म्हणाले, त्यावरही उत्तर नाही. तरी दुसऱ्या वर्षी ते गेले. तिसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी मामी म्हणाल्या, "यंदा भात कमी हाय, दोन दिसात व्हईल." तेवढंच.

मी एकदा विचारलं, "त्या तोंड उघडून बोलत नायत, तरी तुमी जाता. कशासाठी?"

"त्या बोलाव्या म्हणून नाय जात," ते म्हणाले. "मामा असता तर ह्ये काम त्यानं क्येलं असतं."

स्वातंत्र्याच्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला आणि एकवीस दिवसांत गेले. वय पुरतं छत्तीसही नव्हतं. शेवटच्या आठवड्यात ते बडबडत असत, मी कान देऊन ऐके, पण त्यात आकडे नव्हते. त्यांच्या लहानपणाच्या बैलाचं नाव होतं, आईला मारलेल्या हाका होत्या. मला त्याचं बरं वाटलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेणव्याहून मामी आल्या. अर्धी वाट मोटारीनं, अर्धी चालत. त्यांना कुणी कळवलं होतं ते मला अजून माहीत नाही. दारात येऊन पाय धुतले, आत आल्या, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत आणि मलाही रडू नको म्हणाल्या नाहीत. पाच दिवस राहिल्या. घरात सुतकाचं काम फार होतं. त्या पहाटे उठून पाणी भरत, जावांच्या बरोबरीनं जात्यावर बसत. मला मात्र कशाला हात लावू देत नसत.

चौथ्या दिवशी आम्ही दोघीच परसात बसलो होतो. मी म्हटलं, "मामी, त्यांना तुमच्याकडून एक शब्द हवा होता."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडातून निगत नव्हता गो. दर सालाला वाटायचं, यंदा बोलेन. त्यो खल्यात उबा राह्यला की मला म्हाताऱ्याचा खांदा दिसायचा. मंग नाय निगायचा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "यंदा बोलनार व्हते. खरंच बोलनार व्हते."

मी त्यांचा हात धरला. तो खडबडीत आणि गार होता. आत पोरगी जागी होऊन मला शोधत होती. मामी म्हणाल्या, "जा, तिला घे," आणि स्वतः तिथंच बसून राहिल्या.